मी जीव टाकते म्हणाले

पत्र आलं तेव्हा मला आधी वाटलं, मॉरीन गेली.

मॉरीन माझी शेजारीण. अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत. पाय मोडल्यावर तिला वृद्धांच्या होममध्ये नेलं. तिथे कुत्री चालत नव्हती, म्हणून जाताना तिने पट्टा माझ्या हातात दिला. "जस्ट फॉर नाउ," म्हणाली. ते नाउ किती लांबणार ते तिला माहीत होतं आणि मलाही. कुत्रीचं नाव पर्ल. शर्यतीत पळणाऱ्या जातीची, लांब तोंडाची, पाय काटक्यांसारखे. शर्यतीतून कधीच काढून टाकलेली. पर्ल म्हणजे मोती असं माझ्या मुलीने सांगितलं, म्हणून मी तिला मोती म्हणायला लागले. मुलगी हसली. "अगं आई, मोती तर मेल डॉगचं नाव असतं."

"तिला कुठे माहितीये," मी म्हटलं.

पत्र मॉरीनबद्दल नव्हतं, मोतीबद्दल होतं. आम्हाला भाड्याने घर देणाऱ्या हाउसिंगच्या ऑफिसचं. मुलगी मनीषा ब्रॅकनेलला असते, कॉम्प्युटरच्या कंपनीत. मी कागद फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला आणि तिने वाचून दाखवला. या इमारतीत कुत्री ठेवायला परवानगी नाही. मॉरीनला जुन्या करारात होती, ती तिच्याबरोबर संपली. चार आठवड्यांत कुत्रीची दुसरीकडे सोय करा. काही वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह कळवा.

माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हा, की सांगितलं कुणी? मोती भुंकत नाही. दिवसाचे अठरा तास ती झोपते. मग ऑफिसला कळलं कसं? पहिल्या मजल्यावरचा एक माणूस माझ्यासाठी नेहमी खालचं दार धरून उभा राहायचा. मला तो भला वाटायचा. त्या दिवसापासून मी त्याला थँक यू म्हणणं बंद केलं. दार धरतो म्हणजे कोण कधी येतं-जातं ते बघतो.

मी अशी झाले होते. हे आता कळतं.

त्या आधीचं

माझे मिस्टर इथे लीड्सला हॉटेलात कुक होते. त्यांच्या मागे मी आले, आठ वर्षांच्या मनीषाला घेऊन. माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचते, लिहिते. इंग्रजी कामापुरती समजते, बोलताना जीभ अडकते. सँडविचच्या फॅक्टरीत पुष्कळ वर्षं काम केलं. तिथे बोलावं लागत नाही, हात चालावे लागतात. मला ते बरं होतं.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर मी रडले, जेवढं रडायचं तेवढं. वर्ष झालं, सगळे म्हणाले आता सावरली. आणि नंतर सुरू झालं. मला काही झालंय असं मला वाटत नव्हतं, घराला काहीतरी झालंय असं वाटायचं. खोल्या लांब झाल्या होत्या. स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत जायला दम लागायचा. भात लावायचे आणि न खाता तसाच टाकून द्यायचे. टीव्ही आवाज बंद करून बघायचे, कारण आतली माणसं माझ्याबद्दल बोलतात असं नाही, पण बोलली तर, असं वाटायचं. कामावर का येत नाही म्हणून फॅक्टरीतून दोनदा पत्र आलं, तिसऱ्यांदा आलं नाही.

मोती आली ती या दिवसांत. तिला दिवसातून तीनदा बाहेर न्यावं लागतं. म्हणून मी दिवसातून तीनदा चपला बदलून बूट घालत होते. तेवढंच चालू होतं.

हे सगळं मी वहीत लिहिते आहे. असं लिहिलेलं मला तेव्हा आपल्या भाषेत कुठे वाचायला मिळालं असतं, तर डॉक्टरांकडे इतकं खोटं बोलले नसते असं वाटतं.

लाल जाकीट

मनीषाने आधी सोपा रस्ता काढला. कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरला, वीस प्रश्न, आणि तिसऱ्या दिवशी पोस्टाने एक सर्टिफिकेट आलं. सोनेरी किनार. मोतीला मानसिक आधाराचा प्राणी म्हणून मान्यता. बरोबर एक लाल जाकीट, त्यावर पांढरी अक्षरं.

"कुणी तपासलं मला?" मी फोनवर विचारलं.

"ऑनलाइन असेसमेंट होतं, आई."

"पण मी कुठे होते?"

"मी भरलं ना तुझ्या वतीने."

म्हणजे माझ्या डोक्याची तपासणी माझ्याशिवाय झाली होती. काय भरलंस विचारलं तर म्हणाली, जनरल होतं. मला ते जनरल आवडलं नाही. मनीषाचं बरेच दिवस चाललं होतं, लीड्सचं घर सोड आणि ब्रॅकनेलला ये. जावयांना कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. मी वेडी आहे असं कागदावर आलं की पुढचं सोपं, असा विचार माझ्या मनात आला. स्वतःच्या मुलीबद्दल आला. लिहिताना लाज वाटते, पण आला होता.

ऑफिसातल्या माणसाने ते सर्टिफिकेट नुसतं बघून परत दिलं. या देशात अशा सर्टिफिकेटला काही अर्थ नाही, म्हणाला. आंधळ्या माणसाच्या शिकवलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं तरच आम्ही विचार करू, आणि विचार करू म्हणजे हो म्हणू असं नाही. जाकीट मोतीला घट्ट झालं होतं. तिने ते घरी येऊन चावलं.

अडीच आठवडे उरले होते.

नऊ प्रश्न

मनीषा रजा टाकून आली आणि आम्ही दोघी सर्जरीत गेलो. इथे डॉक्टरांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं होतं तेव्हा मी घाबरले होते, आता घाबरत नाही. डॉक्टर मनीषापेक्षा लहान. त्यांनी एक कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, असे नऊ प्रश्न. उत्तरं चारच. अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

मनीषा एकेक प्रश्न मराठीत सांगायची. झोप लागत नाही? काही दिवस. भूक? काही दिवस. मी सगळ्यालाच काही दिवस म्हणत होते. लेकीसमोर रोज म्हणवत नाही. ती लगेच हिशोब करणार, की आपण किती दिवस फोन केला नाही.

नववा प्रश्न डॉक्टरांनी हळू वाचला. लांब होता. त्यात एक शब्द होता डेड. तो मला येतो. फॅक्टरीत लाइन बंद पडली की सगळे ओरडायचे, डेड, डेड. मी मनीषाकडे बघितलं, ती आता मराठीत सांगेल म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांना म्हणाली, "नो. नॉट ॲट ऑल."

बाहेर बसस्टॉपवर मी विचारलं, "शेवटचं काय विचारलं गं?"

"काही नाही. तेच परत. रिपीट होतं."

डॉक्टरांनी मात्र ते पाहिलं असावं. दोन दिवसांनी फोन आला, परत या, एकट्या. घरच्या माणसाने भाषांतर केलेलं आम्हाला चालत नाही, फोनवर इंटरप्रिटर देतो. मनीषाला राग आला. मला भीती वाटली. चोरीचा तपास असला की पोलीस असंच करतात. माणसं वेगळी बसवतात आणि मग विचारतात.

फोनवरची मुलगी

टेबलावर फोन, त्याचा आवाज मोठा केलेला. आतून एक मुलगी बोलली. "हॅलो काकू, मी तुमची इंटरप्रिटर. तुम्ही जे बोलणार ते मी डॉक्टरला सांगणार."

आवाज गोड होता. पण मराठी इथे जन्मलेल्या पोरांची, घरात आईशी बोलण्यापुरती. आणि मराठी म्हटल्यावर मी सावध झाले. लीड्समध्ये आपली माणसं ती किती! गणपतीला एक हॉल भरतो तेवढीच. यातल्या कुणाची तरी ही मुलगी असणार.

"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं. "मंडळात येता का?"

"काकू, मला ते सांगायला अलाउड नाही."

"आडनाव तरी?"

"ते पण नाही. सॉरी काकू."

जी मुलगी आडनाव सांगत नाही तिला माझं आडनाव मात्र समोर लिहिलेलं दिसत असणार. आरतीच्या आधी हॉलभर होईल, अमुक काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून मी ठरवलं, सगळं छान आहे म्हणायचं.

"काकू, तुमचा भूक कसा आहे?"

"छान."

"आणि झोप? येतो?"

"छान येते."

"डॉक्टर विचारतात, कधी खूप सॅड वाटतो का?"

"नाही हो. कशाला वाटेल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "काकू, डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे तर मग कुत्रा कशाला पाहिजे? ते लेटरमध्ये काय लिहिणार?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी ठीक असले तर पत्र नाही, मोती जाणार. ठीक नसले तर कागद होणार, मुलगी घर सोडायला लावणार, मंडळात कळणार.  मग एक सांगावंसं वाटलं, खरं आणि कुणी वाईट म्हणणार नाही असं.

म्हटलं, "त्यांना सांगा, मी त्या कुत्रीवर जीव टाकते."

 मग मुलगी इंग्रजीत बोलली, हळू. डॉक्टर खुर्ची पुढे घेऊन बसले.

"काकू," मुलीचा आवाज बारीक झाला होता, "तुम्ही जीव कधी टाकणार आहात?"

"कधी म्हणजे? रोजच टाकते."

"रोज?"

"मग काय, माणूस एकदाच टाकतो का? सकाळी उठल्यापासून सुरू."

मुलगी डॉक्टरांशी बोलली. डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला वाटलं, झालं, पत्र मिळालं. शब्द बरोबर सापडला आपल्याला.

"काकू, घरी औषधं आहेत का?"

"आहेत ना. माझी ब्लडप्रेशरची. ह्यांचीही आहेत, तशीच ठेवलीयेत."

त्यानंतर मला दुसऱ्या खोलीत बसवलं. एक नर्स चहा घेऊन आली आणि माझ्याजवळच बसून राहिली, उठेचना. मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगत होते, डॉग अलोन, डॉग अलोन. ती माझा हात धरून म्हणत होती, आय नो लव्ह, आय नो. इथे बायकांना लाडाने लव्ह म्हणतात. पत्र लिहायला इतका वेळ लागतो का, असं मला वाटत होतं. दीड तासाने सोडलं, तेही मनीषा फोनवर आल्यावर आणि टॅक्सीत बसवून. मनीषा फोनवर रडत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, तूच सांग ना आई, काय झालं. मला काही झालेलं माहीतच नव्हतं.

रोज येणाऱ्या बायका

त्याच दुपारी दोन बायका घरी आल्या. गळ्यात ओळखपत्रं. त्यातली मोठी रूथ, केस पांढरे, बूट मळलेले. दुसरी रोज बदलायची. आठवडाभर येत राहिल्या.

डॉक्टरांनी पाठवल्या होत्या हे नंतर कळलं, तेव्हा मला खात्री होती या हाउसिंगच्या आहेत. कुत्रीचे केस तपासायला आल्या. त्या यायच्या आधी मी व्हॅक्यूम फिरवायचे. त्या विचारायच्या, जेवलात का, रात्र कशी गेली. मला वाटायचं, आडून विचारतात, कुत्री रात्री भुंकते का. मराठी इंटरप्रिटर मिळत नव्हता म्हणून फोनवर हिंदी बोलणारी बाई असायची. हिंदीत मी एकच वाक्य बोलायचे, सब ठीक है.

मोतीचं उलट. तिची एक सवय आहे, उभ्या माणसाच्या पायाला सगळं अंग टेकवते आणि सगळं वजन टाकून देते. या जातीची कुत्री असंच करतात म्हणे. मी ज्या बाईवर संशय घेत होते तिलाच ती जाऊन टेकायची.

दुसऱ्या दिवशी रूथने मिस्टरांची औषधं मागितली. फार्मसीला परत देते म्हणाली. मी ड्रॉवरमधली पिशवी दिली. कपाटावर बिस्किटांचा एक निळा डबा होता, त्यातली नाही दिली. रूथने विचारलं, ऑल? मी म्हटलं, ऑल.

चार आठवडे संपायला सहा दिवस होते. पत्राचं कुणीच बोलत नव्हतं. मनीषा मात्र दिवसातून पाच वेळा फोन करायची आणि मी उचलेपर्यंत वाजवत ठेवायची.

नागपूरकडचे काका

मग एका सकाळी रूथ एकटी आली आणि फोनवर मराठी माणूस होता. वयस्कर आवाज. त्यांनीही गाव सांगितलं नाही, पण दर वाक्याला जी म्हणत होते, तेव्हा नागपूरकडचे असणार हे मी ओळखलं. लीड्सच्या मंडळात नागपूरचं कुणी नाही. मला थोडं हायसं वाटलं.

ते म्हणाले, "ताई, एक विचारू का जी? या बाईंच्या कागदावर लिहिलं आहे की तुम्ही रोज सकाळी जीव द्यायचा विचार करता. कुत्रीमुळे. हे तुम्ही कोणत्या शब्दात बोलल्या होत्या?"

"जीव द्यायचा? मी नाही बोलले असं. मी म्हटलं मी तिच्यावर जीव टाकते."

 मग काका हसायला लागले. हसू आवरत नव्हतं त्यांना. "अहो ताई, त्या पोरीनं जीव टाकूनच दिला जी! फेकूनच दिला!"

मला समजायला वेळ लागला. मग ते सगळं डोळ्यांसमोर आलं. कधी टाकणार, रोज टाकते, माणूस एकदाच टाकतो का. मी हसले. किती महिन्यांनी हसले, पोट दुखेपर्यंत. काकांनी रूथला समजावून सांगितलं आणि तीही हसली, डोळे पुसले. म्हणाली, बिचारी मुलगी, बिचारे डॉक्टर, आणि सगळ्यात बिचाऱ्या तुम्ही. मग तिने कागद पुढे ओढला.

काका म्हणाले, "बाई म्हणतात, मग ही चूकच झाली. असा विचार तुमच्या मनात नव्हताच असं लिहू का? मग आम्ही रोज यायचं बंद करतो."

हेच तर मला हवं होतं. दार लावून घ्यायला मिळणार होतं. हो म्हटलं की संपलं.

रूथ पेन धरून माझ्याकडे बघत होती. घाई नव्हती तिला.

मी म्हटलं, "काका, थांबा. त्या मुलीची चूक झाली. पण ती खोटं नाही बोलली."

काका हसायचे थांबले. "सावकाश बोला ताई," म्हणाले.

मी सांगितलं. जानेवारीत एक दिवस, सकाळी दहा-साडेदहाला, निळा डबा मी टेबलावर काढून ठेवला होता. पाण्याचा तांब्यासुद्धा. मला रडू वगैरे येत नव्हतं. मी फक्त खूप दमले होते. मोती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. आधी मी लक्ष दिलं नाही. ती उभीच राहिली. म्हणून मी कोट घातला. परत आले तेव्हा पाऊण तास झाला होता, पाय गार पडले होते, आणि मी डबा वर ठेवून चहा केला. मोतीने मला वाचवलं असं मी म्हणणार नाही. तिला शू लागली होती. पण तिला बाहेर न्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

काकांनी ते इंग्रजीत सांगितलं. माझ्याइतकंच हळू सांगितलं.  रूथने थँक यू म्हटलं, एवढंच. मग विचारलं, तो डबा आता आणाल की मी काढू? मीच खुर्चीवर चढून काढला. हातात दिला तेव्हा ती म्हणाली, याला नाव आहे, हा आजार आहे, आणि याला इलाज आहे. काकांनी नाव सांगितलं, नैराश्य. मी म्हटलं, निराश तर माणूस बस चुकल्यावरही होतो. काका म्हणाले, "ती बस वेगळी जी."

मनीषा

हे मनीषाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं रूथ म्हणाली होती. मी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती दारात. कोटसुद्धा न काढता भांडायलाच लागली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी रोज विचारते, कशी आहेस!"

"तो नववा प्रश्न नाही विचारलास. त्याचं उत्तर तूच दिलंस."

तिने कोट काढला आणि खाली बसली. म्हणाली, "मला ते मराठीत बोलताच आलं नाही गं. इंग्रजीत ती एक लाइन आहे फॉर्मवर. मराठीत म्हणायचं म्हणजे, आई तुला मरावंसं वाटतं का. कसं म्हणू?"

"तसंच. आत्ता म्हणालीस तसं."

"आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

"त्याचीच भीती होती तुला. मलाही होती."

मग मी माझा संशय बोलून टाकला, की मला वेडी ठरवून ब्रॅकनेलला न्यायचा तुमचा बेत आहे. ती इतकी चिडली की इंग्रजीत बोलायला लागली. मला अर्धं कळलं. कळलं तेवढ्यात असं होतं की ती दर आठवड्याला माझ्या घराचे जुने फोटो बघते, कारण व्हिडिओ कॉलवर मी पडदे उघडत नव्हते. नंतर आम्ही पोहे केले. तिने कांदा फार जाड चिरला. मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणून ती परत काळजीत पडली. मग मी बोलले.

औषध, आणि बाकीचं

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही, फक्त तोंड कोरडं. मला वाटलं फसवतात. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी भात लावला आणि खाल्ला. मोठं असं काही नाही, एवढंच.

पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. फोनवर इंटरप्रिटर असला तर छोटी वाक्यं बोला. आपल्या गावचा निघेल ही भीती असेल तर दुसऱ्या शहरातला द्या असं आधीच सांगता येतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बोललेलं परत इंग्रजीतून मराठीत करून घ्या. आणि जीव हा शब्द शक्यतो वापरू नका. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला कधी कळलं की नाही कोण जाणे. तिने जे ऐकलं ते घाबरून का होईना, पुढे पोचवलं. माझ्या लेकीने प्रेमापोटी जे झाकलं ते तिच्या चुकीने उघडं पडलं.

रूथने आणि डॉक्टरांनी पत्र लिहिलं. मुदत उलटून दोन दिवस झाले होते, ते दोन दिवस मी मोतीला पहाटे आणि अंधार पडल्यावरच बाहेर नेलं. ऑफिसचं उत्तर आलं. परवानगी फक्त याच कुत्रीला, फक्त एक वर्ष. वर्षाने तब्येतीचा परत आढावा घेऊन ठरवू.

मी ते तीनदा वाचून घेतलं. आढावा घेऊन म्हणजे काय? मी आजारी आहे म्हणून मोती राहिली. मग वर्षाने मी बरी निघाले तर?

हा संशय वर्षभर माझ्याबरोबर राहिला. जेवण जायला लागलं तेव्हा मी सुखावले आणि घाबरलेही. मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले, तिथे कुणी फोटो काढला तर पुरावा होईल म्हणून मागे उभी राहिले.

मागच्या मंगळवारी

आढावा मागच्या मंगळवारी झाला. रूथच, आणि मी मागून घेतलेले नागपूरकडचे काका फोनवर. तेच नऊ प्रश्न.

मी ठरवून गेले होते की निम्म्या प्रश्नांना अर्ध्याहून जास्त दिवस म्हणायचं. पहिला प्रश्न आला. तोंड उघडलं आणि वाटलं, वर्षापूर्वी मी बरी आहे असं खोटं सांगत होते, आता आजारी आहे असं खोटं सांगायचं. या बाईने माझ्या घरात बसून डबा नेला होता. तिला खोटं सांगवलं नाही. खरं सांगत गेले. झोप, बरी. भूक, आहे. नववा प्रश्न काकांनी सरळ मराठीत विचारला आणि मी सरळ सांगितलं, या दोन आठवड्यांत नाही. डिसेंबरात एकदा आला होता विचार, तेव्हा मनीषाला फोन केला.

मग मी म्हटलं, "आता लिहा बरी आहे. आणि न्या माझी कुत्री."

काकांनी तेही तसंच सांगितलं असावं, कारण रूथने मान वर केली. म्हणाली, ऑफिस काय करेल ते मी सांगू शकत नाही. मी एवढं लिहू शकते की बरं वाटण्यात या कुत्रीचा हात आहे आणि ती काढून घेणं चुकीचं ठरेल. ते ऐकतील असं मला वाटतं. नाही ऐकलं तर मी पुन्हा लिहीन.

फॉर्मवर एक रकाना उरला होता. हा प्राणी किती काळ आवश्यक आहे. गेल्या वेळी तिथे एक वर्ष लिहिलं होतं. रूथने विचारलं, या वेळी काय लिहू?

"असेपर्यंत," मी म्हटलं.

 मागच्या वेळचं काकांना ठाऊक होतं, म्हणून नीट विचारून घेतलं. "कोण असेपर्यंत, ताई? तुम्ही, की ती?"

"ती. मोती दहा वर्षांची आहे काका, किती राहणार. मी तिच्यानंतरही आहे."

काकांनी ते इंग्रजीत सांगितलं. मी कान देऊन ऐकलं, बरोबर सांगतात की नाही. बरोबर सांगितलं.